तोफा दिसल्या, दाणा दिसला नाही: ऐतिहासिक सिनेमे काढणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
ऐतिहासिक सिनेमे लिहिणारे, काढणारे आणि त्यांवर पैसा लावणारे सर्व,

सप्रेम नमस्कार.

मी इतिहासाचा अभ्यासक नाही, समीक्षक तर नाहीच. पुण्याच्या भुसार बाजारात माझा गाळा आहे. ज्वारी, बाजरी, गहू, हरभरा, डाळी. वडिलांपासूनचा धंदा. वर्षाकाठी चार-दोन सिनेमे बघतो आणि त्यातला एक तरी तुमचा असतो, कारण तलवारीचा सिनेमा लागला की आमच्या घरातले सगळे एका वेळी तयार होतात. एरवी नातवाचं आणि माझं, सुनेचं आणि तिच्या सासूचं सिनेमाच्या बाबतीत कधी जमत नाही. तिकिटं मी काढतो, मध्यंतरातले वडेही माझ्याच खिशातून. तेवढ्या हक्कानं हे पत्र लिहितोय.

आधी चांगलं ते सांगतो. 'छावा' बघताना आमच्या रांगेतलं एकही माणूस शेवटच्या अर्ध्या तासात मोबाइलकडे बघत नव्हतं. विकी कौशलनं जीव ओतला आहे, आणि अक्षय खन्नाचा तो थकलेला, कमी बोलणारा औरंगजेब तर माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही. 2019 साली आलेला आशुतोष गोवारीकरांचा 'पानिपत' थेटरात बघितला होता, परवा टीव्हीवर पुन्हा बघितला. लोकांनी तेव्हा अर्जुन कपूरच्या नावानं फार बोटं मोडली. मला तो इतका वाईट वाटला नाही. रवींद्र महाजनी मल्हारराव होळकर म्हणून पडद्यावर आले तेव्हा आमच्या पिढीतल्यांनी थेटरात शिट्टी मारली होती, हेही नोंदवून ठेवतो. आता ते नाहीत. कपडे, दागिने, वाडे याबद्दल माझी काही तक्रार नाही. पहिल्याच मिनिटाला ती लांबलचक सूचना येते, कोणाच्या भावना दुखवायचा हेतू नाही वगैरे, ती वाचून होईस्तोवर निम्मं पॉपकॉर्न संपतं. पण तुमचीही काही मजबुरी असणार.

माझी तक्रार एकच आहे आणि ती मला सुचली नाही, आमच्या गाळ्यावरच्या एका हमालाला सुचली. 'छावा' बघून आल्याच्या दुसऱ्या दिवशी पोती उतरवताना तो मला म्हणाला, "शेठ, पिच्चर लय भारी. पर एवढ्या घोड्यांना दाणा कोन घालत असंल?"

मी हसलो, आणि मग दिवसभर तेच डोक्यात राहिलं. ज्या माणसानं आयुष्यभर पाठीवर धान्य वाहिलं त्याला पडद्यावर हजारो घोडी दिसल्यावर पहिला प्रश्न हाच पडणार. आणि त्याचं उत्तर तुमच्या एकाही सिनेमात नाही. निदान मी बघितलेल्या तरी नाही. तुमच्याकडे सैन्य क्षितिजावर उगवतं, धूळ उडते, ढोल वाजतात, लढाई होते. ते सैन्य काल रात्री काय जेवलं, ती घोडी कुठं चरली, त्या धान्याचे पैसे कोणी दिले आणि कोणाचे बुडाले, याचा पत्ता नाही.

तुम्ही म्हणाल, यात काय नाट्य आहे? धान्याची पोती बघायला कोण तिकीट काढील? म्हणून 'पानिपत'चंच उदाहरण घेतो, कारण ती लढाई समजायची असेल तर सुरुवात पोत्यापासूनच करावी लागते.

मार्च 1760 मध्ये सदाशिवरावभाऊ परतूरहून उत्तरेकडे निघाले. त्याच्या महिनाभर आधी उदगीरला निजामाचा पराभव केलेला, मनं वर होती. फौजेबरोबर लढणाऱ्यांपेक्षा न लढणारे जास्त होते. बायका, मुलं, नोकरचाकर, दुकानदार, आणि काशी-कुरुक्षेत्र फौजेच्या सोबतीनं सुखरूप घडेल म्हणून निघालेले यात्रेकरू. ऑगस्टच्या सुरुवातीला दिल्ली घेतली, पण दिल्लीत हाताला काही लागेना. पैसा संपत आलेला. शेवटी लाल किल्ल्यातल्या दरबारी महालाचं चांदीचं छत उतरवलं आणि त्याचे रुपये पाडले. किती, तर सुमारे 9 लाख. धंद्यातला माणूस म्हणून सांगतो, दुकानदार जेव्हा गल्ल्याऐवजी देव्हाऱ्यातली चांदी मोडायला काढतो तेव्हा शेजारच्या गाळ्यांना सगळं कळून चुकतं. आपल्या बाजूनं आलेला भरतपूरचा राजा सूरजमल जाट तेव्हाच नाराज झाला आणि पुढे बाजूला झाला. त्याची कारणं आणखीही होती.

आता माझा हिशेब बघा. आकडे कुठल्या बखरीतले नाहीत, गाळ्यावर बसून कागदावर मांडलेले आहेत. पन्नास हजार घोडी धरू. घोड्याला कामाच्या दिवसात रोज चार किलो हरभरा किंवा तसलं धान्य, गवत-वैरण वेगळी. म्हणजे दिवसाला 2,000 क्विंटल. माणसं दीड लाख धरू, माणशी अर्धा किलो, म्हणजे आणखी 750. एकूण 2,750 क्विंटल, रोज. दहा टनी ट्रकात भरलं तर सत्तावीस-अठ्ठावीस गाड्या. तेव्हा ट्रक नव्हते, वंजाऱ्यांचे तांडे होते. लादणीचा बैल सव्वा क्विंटल नेतो असं धरलं, तर दररोज बावीसशे बैल भरून आले पाहिजेत. हत्ती, उंट, तोफा ओढणारे बैल यांचं खाणं मी धरलेलंच नाही. आणि हे सगळं अनोळखी मुलखात, जिथला शेतकरी तुमची भाषा बोलत नाही आणि दर चार कोसांवरचा जमीनदार कोणाच्या बाजूचा हे सांगता येत नाही.

असं सैन्य पानिपतात अडीच महिने अडकून पडलं होतं. अडीच महिन्यांचे माझ्या हिशेबानं दोन लाख क्विंटलच्या वर होतात. एवढा माल आम्हाला आज फोन, ट्रक आणि बँका हाताशी असताना उभा करायचा म्हटला तरी घाम फुटेल.

आणि तो कसा उभा राहिला, कसा आटत गेला, हीच तर खरी पटकथा आहे हो! ऑक्टोबरात कुंजपुऱ्याचा किल्ला घेतला. तिथं अफगाण बादशहा अब्दालीसाठी साठवलेलं धान्य होतं, ते आपल्या हाती आलं. छावणीत दिवाळी. आणि त्याच महिन्याच्या शेवटी अब्दाली बागपतजवळ यमुना ओलांडून अलीकडे आला आणि आपल्या व दिल्लीच्या मध्ये बसला. दोर कापला गेला. सुरुवातीला पतियाळ्याच्या आलासिंगाकडून धान्य यायचं, पुढे तीही वाट बंद झाली. गोविंदपंत बुंदेले गंगा-यमुनेच्या दुआबात शत्रूची रसद मारत होते. आयुष्य वसुलीत आणि कारभारात गेलेला म्हातारा माणूस. भाऊसाहेब त्यांना सारखी पत्रं लिहीत होते, पैसा पाठवा, शत्रूचा दाणा तोडा. डिसेंबरात गोविंदपंतच मारले गेले. दिल्लीहून खजिना घेऊन निघालेले आपले स्वार अंधारात वाट चुकले आणि मराठ्यांची छावणी समजून सरळ अफगाणांच्या गोटात शिरले. हे खरं घडलेलं आहे! एखाद्या लेखकानं असं कल्पनेतून लिहिलं असतं तर तुम्हीच म्हणाला असता, फार फिल्मी वाटतंय.

तुमच्या सिनेमात उपासमारीचा उल्लेख नाही असं मी म्हणणार नाही. आहे. पण तो येतो आणि जातो. त्याआधी एक मोठं नाचगाणं होतं, ज्यात सगळे फेटे एका रंगात आणि सगळे पाय एका तालात. त्या गाण्याच्या जागी मला छावणीतला बाजार बघायचा होता. दर कसा चढत जातो, ते आम्हाला कळतं. पहिल्या आठवड्यात दुकानदार उधार देतो. मग उधार बंद. मग माप बदलतं. मग रोख देऊनही मिळत नाही, कारण त्याच्याकडेच नसतं. मग बायका दागिने घेऊन येतात आणि त्याच बाईला परत पाठवताना त्या दुकानदाराचं तोंड कसं होत असेल? तोही पुण्याहून चारशे कोसांवर आलेला, तोही उपाशी. असा एक बाजारबुणगा तुमच्या अख्ख्या सिनेमात तीन मिनिटांसाठी असता, तर शेवटच्या लढाईचा अर्थच बदलला असता.

एका जागी मी सरसावून बसलो होतो. उदगीरनंतर भाऊसाहेबांकडे दौलतीच्या हिशेबाचं काम येतं, थकबाकी किती आहे ते बघायला वह्या उघडल्या जातात. खरा भाऊसाहेब कारभारात आणि जमाखर्चात तयार माणूस होता, हे आम्हीही ऐकून आहोत. म्हटलं, आता मजा येणार. ज्याला दौलतीची पै न् पै माहीत आहे त्यालाच तुटपुंज्या खजिन्यावर लाखभर माणसं घेऊन जायला लागतं, याहून मोठी शोकांतिका कुठली? पण दोन-चार प्रसंगांत ती वही मिटली ती मिटलीच. पुढे भाऊसाहेब फक्त तलवारच उचलतात. हिशेबी माणूस आणि लढवय्या माणूस एकाच अंगरख्यात असू शकतो हे तुम्हाला पटत नाही की प्रेक्षकाला पटणार नाही असं वाटतं?

त्या दिवसांचं वर्णन लिहून ठेवणारा काशीराज पंडित अब्दालीच्या बाजूनं असलेल्या अवधच्या नवाबाच्या, शुजाउद्दौल्याच्या पदरी होता. तो सांगतो, सरदार आणि शिपाई भाऊसाहेबांच्या डेऱ्यापुढे आले आणि म्हणाले, दोन दिवस पोटात काही नाही, उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू. मग उरलासुरला दाणा वाटून टाकला, एक वेळ सगळ्यांना पोटभर जेवू घातलं आणि पहाटे तोंडाला हळद फासून बाहेर पडले. 14 जानेवारी 1761. त्या जेवणाचा प्रसंग मला पडद्यावर नीट, सावकाश बघायचा आहे. कोणी वाढलं, कोण आधी बसलं, लहान पोरांना काय सांगितलं. ते बघितल्यावर दुपारपर्यंत आपली सरशी होती ती कशी आणि खंगलेली घोडी, माणसं त्यानंतर का कोसळली, हे सांगायला सूत्रधाराचा आवाज लागणार नाही.

आणि बातमी कशी आली? उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेब पेशव्यांना वाटेत ती मिळाली एका सावकारी पत्रातून. दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या, रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. एवढा मोठा घात व्यापाऱ्याच्या भाषेत कळवला गेला, कारण ज्यांची माणसं आणि हुंड्या देशभर फिरत होत्या ते तेच होते. हे वाक्य शाळेत आम्ही पाठ केलं. ते लिहिणारा सावकार कोण, त्यानं ते लिहिताना हिशेबाची कुठली वही समोर ठेवली होती, असा विचार करणारा पटकथालेखक मला भेटायचा आहे.

बरं, रसद म्हणजे नुसतं हरण्याचं कारण नव्हे. जिंकण्याचंही आहे. 'छावा'त गनिमी कावा म्हणून मावळे झाडावरून उड्या मारतात, पाण्यातून उसळतात. छान दिसतं, नातवानं टाळ्या वाजवल्या. पण गनिमी काव्यातलं निम्मं काम शत्रूचे धान्याचे बैल वळवण्याचं होतं. औरंगजेब 1680 नंतरच्या त्या वर्षांत दख्खनेत उतरला तो परत गेलाच नाही, 1707 मध्ये नगरजवळ भिंगारला वारला. त्याची छावणी म्हणजे चालतं शहर होतं, आणि शहराला रोज खायला लागतं. ते शहर कोणी उपाशी ठेवलं, यावर अजून सिनेमा यायचा आहे.

पालखेडवर काढा ना. 1728 साल, वैजापूरच्या बाजूचा कोरडा मुलूख. पहिल्या बाजीरावानं निजामाला गुजरात, खानदेश असं फिरवत ठेवलं, त्याला जड तोफखाना मागे सोडायला लावला आणि पाणी व दाणा दोन्ही तोडून कोंडलं. मोठी लढाई नाही, हजारो मुडदे नाहीत. निजाम तहाला तयार झाला, मुंगी-शेवगावला तह झाला. तुम्ही म्हणाल, क्लायमॅक्स कुठाय? एका बाजूला आपल्या ऐश्वर्यासकट तहानेलं बसलेलं अख्खं सैन्य आणि दुसऱ्या बाजूला विहिरीवर घोडी पाजणारे मराठे. हा क्लायमॅक्स नाही तर काय आहे? आणि ज्या घराण्यानं 1728 मध्ये दुसऱ्याचा दाणा तोडून राज्य राखलं, त्याच घराण्यातला, बाजीरावाचा पुतण्या सदाशिवरावभाऊ तेहतीस वर्षांनी दाणा तुटून मारला गेला. हे दोन सिनेमे पाठोपाठ काढले तर मी दोन्हींची तिकिटं आजच घेतो.

महाराजांवर तर तुम्ही दरवर्षी काढता. राज्याभिषेकाच्या आदल्या वर्षी, 1673 मध्ये, चिपळूणजवळ असलेल्या फौजेच्या अंमलदारांना महाराजांनी लिहिलेलं पत्र कधी वाचलंय? पावसाळा तोंडावर आलाय, दाणा-वैरण आत्ताच उधळून टाकाल तर पुढे घोडी मरतील, असं त्यात आहे. मग तुमची माणसं कुणब्यांच्या घरातून कोणी दाणे, कोणी भाकर, कोणी गवत उचलून आणतील आणि रयत म्हणेल यापेक्षा मोगल बरे. आणि पुढे गवताच्या गंजीची काळजी आहे: चुली पेटवाल, तंबाखू ओढाल, रात्री दिवा तसाच ठेवाल, उंदीर जळती वात पळवून नेईल आणि सगळं गवत पेटेल. उंदीर! एवढ्या मोठ्या राज्याचा धनी, आणि त्याला वात पळवणारा उंदीर दिसतो. मला विचाराल तर सिंहासनाच्या प्रसंगापेक्षा महाराज मला या पत्रात जास्त दिसतात. हा प्रसंग करायला व्हीएफएक्सचा खर्च नाही. एक पडाव, एक कारकून, सांगणारे महाराज आणि एक दिवा.

पन्हाळ्यावर कोणी चित्रीकरणाची जागा बघायला गेलं असेल तर अंबरखान्याच्या त्या धान्याच्या कोठ्या त्यांनी बघितल्याच असतील, गंगा, यमुना, सरस्वती. मी पहिल्यांदा आत गेलो तेव्हा वर बघत उभाच राहिलो. बायको म्हणाली, चला, तुम्हाला इथंही गोडाऊनच दिसलं. सिद्दी जौहरचा वेढा म्हटला की आपल्याला पावनखिंड आठवते, ते योग्यच आहे. पण त्याआधीचे ते चार महिने गडावर कोणी मोजूनमापून धान्य दिलं, त्या कोठीवाल्याला एकही संवाद नको?

मला ठाऊक आहे, सिनेमा म्हणजे जमाखर्चाची वही नव्हे. लढाया काढू नका असंही मी म्हणत नाही. लढाई नसली तर नातू यायचा नाही. भावना दुखावण्याचा बाजारही मोठा आहे. 'पानिपत'च्या वेळी सूरजमलाच्या चित्रणावरून राजस्थानात गोंधळ झाला, काही भाग कापावा लागला. लढाईनंतर अन्न-वस्त्रावाचून परतणाऱ्या आपल्या माणसांना, बायकामुलांना ज्यानं आसरा दिला, जेवू घातलं, तो हाच सूरजमल. त्याची ती भलेपणाची बाजू मोठी करून दाखवली असती तर तेवढी तरी आग कमी लागली असती, आणि आपल्या लोकांना जाटांच्या त्या ताटाची आठवणही राहिली असती. वीरावर चिडायला लोक तयार असतात. जेवू घालणाऱ्यावर कोण चिडेल?

तेव्हा मागणी एवढीच. पुढच्या सिनेमाच्या लेखकांच्या खोलीत तलवारबाजी शिकवणारा जसा बसवता, तसा एक माणूस पोटाचा हिशेब विचारणारा बसवा. मोठं पद नको त्याला. प्रत्येक प्रसंगाला त्यानं फक्त विचारायचं: हे लोक काल काय जेवले? घोड्याला दाणा कुठला? पैसे कोणी दिले? उत्तर पडद्यावर नाही आलं तरी चालेल, पण लिहिणाऱ्याला माहीत पाहिजे. ते माहीत असलं की नटाच्या चालण्यात आपोआप येतं.

वंजाऱ्यांचा तांडा दाखवायचा असेल तर पन्नास बैल आणून बाकीचे कॉम्प्युटरवर वाढवू नका. लादणीचा बैल पाय टाकतो वेगळा, मोकळा बैल वेगळा. पोत्याचं तोंड कसं शिवतात, मापाड्या कसा ओरडून माप मोजतो, ओला माल हाताला कसा लागतो, हे बघायचं असेल तर आमच्या बाजारात या. सकाळी अकरानंतर या मात्र. त्याआधी गाड्या खाली होत असतात आणि कोणाशी बोलायला फुरसत नसते. आणि आलात तर त्या हमालालाच आधी भेटा, प्रश्न त्याचा आहे.

आपला,
तिकीट काढून सिनेमा बघणारा एक भुसार व्यापारी,
पुणे